आलीय चार दिवस

“आणि ह्या कोण?” स्नेहानं विचारलं. टॅबवरचं बोट तिनं तसंच अधांतरी धरून ठेवलं होतं.

ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या बाईनं मान वर केली नाही. तिची आई दारातूनच बोलली, “आमची लेक हाय. आलीय चार दिवस.”

“म्हणजे पाहुण्या आहेत?”

“व्हय व्हय, पावनीच.”

बोट खाली टेकलं. पाहुणी मोजायची नाही, असा त्या सर्व्हेचा नियम. सहा महिन्यांच्या वर राहतं असं घरचे सांगतील तेवढंच माणूस घरचं धरायचं, बाकी सोडून द्यायचं. स्नेहानं घरात सहा माणसं लिहिली, लेक सोडून दिली आणि पुढचा प्रश्न काढला.

फाटकाशी उज्ज्वला उभी होती. उभी म्हणजे काय, सकाळपासून तिचं पाऊल एका जागी ठरतच नव्हतं. चप्पल काढायची, घालायची. पदराचं टोक दातात धरायचं, सोडायचं. कुंपणाच्या मेंदीची पानं तोडून तिनं पायाशी हा एवढा ढीग केला होता.

उज्ज्वला डिंगोऱ्याच्या अंगणवाडीत मदतनीस. घराघरातून पोरं गोळा करून आणायची, त्यांची खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, परत घरी पोचवायची. कुठल्या घरात पोरं किती आणि कुठल्या पोराला शेंगदाणा चालत नाही, हे तिला तोंडपाठ. म्हणून पुण्याहून हा सर्व्हे आला तेव्हा ग्रामसेवकानं तिलाच पुढं केलं. बरोबर गावची बाई असली की बायका बोलतात, असं त्याचं म्हणणं. सर्व्हेचं नाव लांबलचक होतं, ग्रामीण स्त्रियांच्या सामाजिक समस्या आणि पुढं अजून काहीतरी. पारावरच्या गड्यांनी तर सकाळी चहाच्या घोटाबरोबर समस्या सांगून टाकल्या होत्या. अवेळची लाईट, उसातला बिबट्या, टोमॅटोचा भाव आणि पोरांना बायका मिळत नाहीत. बायकांना विचारलं की त्या मात्र एकजात म्हणायच्या, “आमाला कसली आलीय समस्या? बरं चाललंय.”

पुढच्या घराच्या वाटेवर स्नेहा म्हणाली, “ताई, तुमच्या गावात लेकी माहेरपणाला फार येतात का हो? आत्ता सण ना सूद, तरी पाच घरांत लेक आलेली.”

“येत्यात,” उज्ज्वला म्हणाली. “गाव चांगलं हाय आमचं.” आणि ती एवढ्या झपाझप पुढं निघाली की स्नेहाला पळावं लागलं.

उज्ज्वला कशापासून पळत होती ते तिलाच ठाऊक. सगळी घरं झाली की शेवटी तिचं स्वतःचं घर येणार होतं. म्हणजे तिच्या भावाचं, दादाभाऊचं. आणि तिथं काय सांगायचं ते वहिनीनं सकाळीच बजावलं होतं. “वन्सं, उद्या आमच्या मोनालीला बघायला पावनं येनारेत राजुरीचं. आज कागदावर काय भलतं जायला नको. तुमी गप ऱ्हावा, हे बोलतील.”

साळुबाईच्या घरापर्यंत सगळं बिनबोभाट चाललं होतं.

साळुबाई सत्तरीची म्हातारी. भावाच्या घरी राहायची. भाऊ जाऊन जमाना झाला, आता भाच्याचं राज्य होतं. ती अंगणात बाजेवर पाय पसरून बसली होती. भाच्याची बायको ओल्या हातानं बाहेर आली आणि तिनं माणसं सांगितली, पाच.

“आणि ह्या आजी?”

“आत्याबाई व्हय? त्या आल्यात चार दिवस.”

“व्हय गं बाय,” साळुबाई बाजेवरनंच म्हणाली. “बहात्तरच्या दुष्काळात आले. घाटाखाली दिली व्हती मला. नवरा म्हनला, जा चार दिवस, मी येतो न्यायला. अजून वाट बघतीय.” तिनं रस्त्याकडं हात केला. “येत आसंल. माळशेज घाटात गर्दी लई आस्ती आताशा.”

स्नेहा हसली. अगदी मनापासून हसली. मग तिनं साळुबाईच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचं हसू अर्ध्यावरच राहिलं. म्हातारी हसत नव्हती आणि रडतही नव्हती. एवढ्या वर्षांत घासून घासून गुळगुळीत झालेली गोष्ट सांगावी तशी तिनं ती सांगितली होती. भाच्याची बायको म्हणाली, “म्हातारं मानूस हाय, कायबी बोलतंय,” आणि आत निघून गेली.

रस्त्याला लागल्यावर स्नेहा चिंचेखाली बसलीच. टॅबवर मागं मागं जात तिनं मोजलं.

“ताई, आज नऊ पाहुण्या सोडल्यात मी. नऊ. खरं सांगा, ह्या सगळ्या अशाच आहेत का?”

उज्ज्वला बसली नाही. चिंचेच्या खोडाची साल नखानं काढत राहिली. “त्यातली एक खरी पावनी हाय,” ती म्हणाली. “ती हिरव्या दाराची. बाळंतपनाला आलीय.”

“आणि बाकीच्या आठ?”

“बाकीच्या ऱ्हात्यात.”

स्नेहानं तिथल्या तिथं पुण्याला फोन लावला. तिचे सर होते कुणी मोठे, ज्यांचा हा सगळा अभ्यास होता. “सर, इथं माहेरीच राहणाऱ्या आठ बायका निघाल्या, आणि आपल्या फॉर्ममध्ये त्या येतच नाहीयेत. माहेरची माणसं म्हणतात, आलीय चार दिवस. आपण पाहुणी म्हणून सोडतो. आंबेगाव तालुक्यात गेल्या महिन्यात सासरची माणसं सांगत होती, माहेरी गेलीय. किंवा सांगतच नव्हती. म्हणजे त्या कुठंच नाहीत.”

फोन स्पीकरवर होता. सरांचा आवाज म्हाताऱ्या मास्तरासारखा, सावकाश. “एका घरात घडलं तर लोक त्याला नशीब म्हणतात, स्नेहा. त्या घराची झाकली मूठ. पण आठ घरांत तेच घडत असेल तर नशिबाला एवढा सारखेपणा जमत नाही. त्याला बाहेर कुठंतरी कारण असतं. ते कारण शोधायचं आपलं काम. पण आधी आकडा आण. मोजलं नाही तोवर तो ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न, मोजला की सगळ्यांचा.”

उज्ज्वलाचं नख सालीत तसंच अडकून राहिलं.

एकोणीस वर्षं झाली होती. दिवाळीला आली होती ती, एक पिशवी घेऊन. भाऊबीज झाली की नवरा, गोकुळ, न्यायला येणार होता. पहिलं वर्ष कामाची सबब, दुसऱ्या वर्षी देवळात दोन बैठका, तिसऱ्या वर्षी कळलं की त्यानं दुसरी आणलीय आणि तिला लेकरू झालंय. भांडण नाही, काडीमोड नाही. गाडी सुटावी तशी ती मागं राहिली. आणि तेव्हापासून ती स्वतःलाच तपासत आली होती. आपण सावळ्या म्हणून? पहिलं पोर पोटातच गेलं म्हणून? सासू एकदा कालवण खारट झाल्यावर बोलली होती, त्याचा राग राहिला असेल? किती वर्षं ती त्या कालवणाला धरून बसली होती. ह्या आठ जणींना ती रोज बघायची, त्यांतल्या तिघींच्या पोरांना तर तिनं खिचडी भरवली होती. पण आठ जणी एका ओळीत उभ्या करून बघाव्यात, हे कधी मनात आलं नव्हतं. आठही जणींचं कालवण खारट झालं असेल होय?

“ती आंबेगावातली गावं,” तिनं एकदम विचारलं, “घोडेगावच्या वरल्या अंगाच्या वाड्या झाल्या का तुमच्या?”

“झाल्या ना. सगळ्या केल्या.” स्नेहानं नावं सांगितली. चौथं नाव आलं तशी उज्ज्वला खाली बसली. दिवसातनं पहिल्यांदाच बसली.

“त्या वाडीत गोकुळ नावाच्या मानसाचं घर लागलं आसंल. वड्याच्या कडंला. त्यानं काय लिवलं?”

“नाव घेऊन नाही सांगता येत हो, ताई. नियम आहे आमचा.”

“नाव नगं. वाडीचं सांग. कुनी म्हनलं का, आमची एक बायको माहेरी गेलीय?”

स्नेहानं टॅब उघडला, बंद केला. तिला कळलं होतं, तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. “त्या वाडीत कुणीच नाही म्हणालं, ताई.”

“कुनीच न्हाई?”

“कुणीच नाही.”

उज्ज्वलाला एवढे दिवस एक वाटायचं, आणि हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. की तिकडं कुठंतरी, रेशनच्या कार्डावर म्हणा, मतदार यादीत म्हणा, एखाद्या कागदाच्या कोपऱ्यात, आपलं नाव खोडायचं राहून गेलं असेल. माणूस विसरतं, कागद विसरत नाही. आता तेही गेलं.

“चल,” ती उठली. “दिवस कलला. आमचं घर ऱ्हायलंय.”

दादाभाऊ पडवीत खुर्च्या पुसत होता. उद्याच्या पाहुण्यांसाठी शेजारपाजारच्या मागून आणलेल्या. माणूस तोंडाचा फाटका, पण काळजाचा वाईट नाही. एकोणीस वर्षांत त्यानं बहिणीला, जा, असं म्हटलं नव्हतं. दिवाळीची साडी चुकवली नव्हती. गावानं काही बोलायच्या आत, आलीय चार दिवस, असं म्हणून त्यानं गावाची तोंडं बंद केली होती, आणि पुढं तेच बोलणं त्याच्या जिभेला बसून गेलं होतं.

“बसा म्याडम. च्या टाक गं रत्ना! लिवा. मी दादाभाऊ, ही रत्ना मंडळी, पोरगी मोनाली, पोरगा आदेश. चौघं.”

स्नेहाचं बोट हललं नाही. तिनं उज्ज्वलाकडं पाहिलं.

“ही व्हय? ही बहीण माजी,” दादाभाऊ खुर्ची पुसता पुसता म्हणाला. “आलीय चार...”

“एकोणीस वर्सं झाली, दादा.”

फडकं थांबलं. आत कपबशा वाजत होत्या, त्याही थांबल्या.

“उज्जे, आत जा.”

“न्हाई जात. तिला खरं लिवू दे. मी हितं ऱ्हाती. पाच मानसं हायेत ह्या घरात.”

“आजच आठवलं व्हय तुला? उद्या पोरीला बघायला येनार, आन आज तू दवंडी पिट! टाकलेली आत्या घरात हाय म्हनल्यावर राजुरीची मानसं काय म्हनतील? ह्या घरच्या बाया नांदत न्हाईत म्हनतील. झाकली तुजी अब्रू म्या, एवडी वर्सं झाकली!”

“झाकलीस रं. पर झाकून झाकून मी दिसंनाच झाले कुनाला.”

“हे बघा,” स्नेहा मधे पडली, “आम्ही नावं छापत नाही कुणाची. नुसता आकडा जातो.”

“नावच छापत न्हाई, मग लिवायचं कशाला?” दादाभाऊनं तिला आडवं घेतलं. “आन आकडा जाऊन काय व्हतं वो? उद्या तिचा नवरा न्यायला येनार हाय का तुमचा आकडा वाचून?”

“नाही येणार,” स्नेहा म्हणाली. खोटं बोलायला तिला जमलं नाही. “काय होईल ते मलाही नाही माहीत, दादा. अहवाल होतो. कधी कोणी वाचतं, कधी नाही वाचत.”

“मग झालं तर! घराचा मुख्य मी. लिवा, चौघं.”

रत्ना दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती नणंदेकडं बघत नव्हती, नवऱ्याकडंही नाही. तिच्या मागं मोनाली, आणि मोनालीचे डोळे आत्यावर. ह्या पोरीला उज्ज्वलानं मांडीवर घेऊन वाढवलं होतं. आत्याला कळत होतं, आपण उद्याच्या हिच्या कार्यक्रमात काडी घालतोय.  तरी तोंड ऐकेना.

“स्नेहा, तुमचं घर म्हंजी काय गं? कसं धरता?”

“एका चुलीवर जेवतात ते एक घर, ताई. आणि घराचा प्रमुख सांगेल ती माणसं.”

“आन चूल येगळी आसली तर?”

“तर वेगळं घर. वेगळा फॉर्म.”

दादाभाऊ हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “येगळी? येडी का काय तू?”

आता वेगळं निघतात ते भाऊ. बापाच्या मागं दोन भावांचं पटेना, मधे भिंत घातली, दुसरी चूल पेटली, हे गावोगाव चालतं. पण माहेरी राहणारी बहीण भावापासून वेगळी निघाली, हे डिंगोऱ्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. जिचं काही नाहीच, ती वेगळी कशातनं निघणार?

उज्ज्वला पायरी उतरली. घराच्या मागल्या अंगाला पत्र्याची एक खोली होती. पूर्वी तिथं कांदा साठवायची आरण असायची, आता उज्ज्वला झोपायची. खोलीच्या तोंडाशी पडक्या बांधाचे दगड होते. तिनं एक उचलला, दोन उचलले. तिसरा जड होता, तो ढकलत आणला. तिन्ही मांडले, मधे बसून हलतात का पाहिले. मग दुकानाकडं गेली आणि तवा, पातेलं, ताट, पीठ, डाळ, मीठ घेऊन अर्ध्या तासानं आली. दादाभाऊ पडवीतून बघत होता. स्नेहाचा चहा गार झाला होता.

“ताई,” स्नेहा मागं येऊन हळूच म्हणाली, “हे फॉर्मसाठी नाही करता येत. आज चूल मांडायची आणि उद्या मोडायची, तसं खोटं लिहिता नाही येणार मला.”

“फॉर्मासाठी कोन करतंय?” उज्ज्वला काटक्या मोडत होती. “उद्या मोडायची न्हाई. कायमची हाय. आता लिव तू.”

स्नेहानं लाकडाच्या फळीवर बसून नवा फॉर्म उघडला. माणसं एक. प्रमुख, उज्ज्वला. मग विवाहविषयक माहिती आली आणि पुढं चार चौकोन आले. विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित.

“ह्यातलं कुठलं, ताई?”

“वाच परत.”

स्नेहानं परत वाचलं.

“ह्यातलं कुटलंच न्हाई. कडंला जागा आस्ती का लिवायला?”

“आहे. शेरा म्हणून.”

“मग तिथं लिव. नवरा न्यायला आला न्हाई.” काटकी पेटेना म्हणून ती फुंकत होती, धुरानं डोळे चोळत होती. “आन त्या सात जनींचं आन साळुबाईचं, ते मी न्हाई सांगनार. त्यांच्या दारात तू परत जा. मी संगं येते. त्या सांगतील तर सांगतील.”

संध्याकाळी रत्नानं झाकलेलं ताट आणून खोलीच्या तोंडाशी ठेवलं. “वन्सं, वाढलंय.”

“माजं झालंय वैनी. भाकरी जरा करपली, पर झालंय. न्या ते.”

रत्नानं ताट उचललं. “मोनालीचं मोडलं तर?” ती म्हणाली. रागानं नाही, नुसतंच विचारलं.

उज्ज्वलानं चुलीतली काटकी मागं ओढली. रत्ना ताट घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास राजुरीचे पाहुणे आले. मुलगा, त्याचा बाप, आई आणि एक मामा. मोनाली पोहे घेऊन आली, गेली. शिक्षण झालं, शेती झाली, पाईपलाईन झाली. खोली अन् पडवीच्या मधे नुसता पत्रा, उज्ज्वलाला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तिनं सकाळपासून तीनदा खोली झाडली होती. बाहेर जावं तर समोर पाहुणे, आत थांबावं तर जीव थाऱ्यावर नाही. शेवटी चुलीपुढंच बसली आणि डाळ हलवत राहिली. हलवायची गरज नव्हती.

“मागं धूर कसला वो दादाभाऊ?” मुलाच्या बापानं विचारलं. “दोन चुली हायेत का काय? भाऊबंद ऱ्हात्यात व्हय मागं?”

उज्ज्वलाचा हात थांबला.

 दादाभाऊ खाकरला. एकोणीस वर्षं त्याच्या जिभेवर तयार असलेलं उत्तर होतं, आणि ते आज बसत नव्हतं. चार दिवस आलेली पाहुणी कुठं चूल मांडते?

“बहीण हाय माजी,” तो म्हणाला. “शेजारी ऱ्हाती.”

शेजारी. त्या घराच्या पायाचे दगड वाहताना ती बापाबरोबर होती. उज्ज्वलानं तो शब्द ऐकला आणि डाळ पुन्हा हलवायला घेतली.

“यकटीच?” हा बाईचा आवाज होता. मुलाच्या आईचा.

“यकटीच. नवरा न्यायला आला न्हाई तिचा.”

 आता उठतील, उज्ज्वलाला वाटलं, आता चपला वाजतील. कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती बाई म्हणाली, आणि एवढ्या हळू की पत्र्याला कान लावावा लागला, “आमच्यातबी हाय एक. धाकटी नणंद माजी. आमी सांगतो, आलीय चार दिवस म्हनून.”

“आगं ये,” नवरा तिच्यावर खेकसला.

“न्हाई, आपलं बोलन्यावरनं निगालं म्हनून.”

मग मामानं घाईघाईनं कांद्याचा विषय काढला. पाहुणे अकराला गेले. कळवतो म्हणाले. राजुरीची माणसं कळवतो म्हणतात ते होकाराचंही असतं आणि नकाराचंही, त्याचा काही नेम नसतो. दादाभाऊ फाटकापर्यंत सोडायला गेला, आणि येताना मागल्या अंगाला न वळता सरळ घरात शिरला.

उज्ज्वलानं डाळ उतरवली, भाकर थापली आणि एकटीनं बसून जेवली. एरवी ती सगळ्यांचं झाल्यावर उभ्या उभ्या चार घास खायची. आज मांडी घालून बसली. मग तिनं ते एकुलतं ताट नळाखाली धरलं, राख लावून घासलं, दोन्ही बाजूंनी धुतलं आणि दगडाला टेकवून उन्हात ठेवलं. थोड्या वेळानं ते वाळलं का म्हणून बघायला आली. वाळलं नव्हतं. ती तिथंच उभी राहिली.